घोड्याच्या शेपटीत शिकलेला गोफ

मला गोफ शिकवला तो मलकपेठेतल्या एका म्हाताऱ्या मोतद्दारानं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी स्वतःविषयी इतकं बोलणार आहे की तो मधे कुठंतरी राहून जाईल. एकदा तसा राहून गेलेलाच आहे.

मोतद्दार म्हणजे घोड्यांची निगा राखणारा माणूस. उमेदीची सगळी वर्षं त्यानं रेसच्या घोड्यांना खरारा करण्यात घालवली, आणि नजर मंदावल्यावर टांगेवाल्यांच्या तबेल्यात येऊन राहिला. घरची बोली तेलुगू, बाहेरची दखनी. तबेल्याच्या भिंतीला भिंत लावून आमची खोली होती. आमची म्हणजे मी आणि माझ्यासारखेच गावाकडून आलेले आणखी चौघे. त्याला सगळे 'ताता' म्हणत. तेलुगूत आजोबाला ताता म्हणतात हे मला कळायला दोन महिने लागले, तोवर मी ते त्याचं नाव समजून त्याला अधिक आदर म्हणून 'तातासाहेब' म्हणत असे. त्यानं ते तसंच चालू दिलं. घोडेसुद्धा हसले असतील.

आता माझ्याविषयी. अंबाजोगाईच्या बाजूचं गाव. पाचवीत उर्दूत नापास झालो आणि शाळा सोडली, म्हणजे मास्तरांनी आणि मी दोघांनी मिळून सोडली. वडील गेले, थोरल्या बहिणीच्या घरी आई आश्रयाला राहिली. जावयाच्या घरचं जेवण तिच्या घशाखाली उतरत नसे, आणि मेहुण्यालाही ते उतरलेलं फारसं आवडत नसे. मी हैदराबादेत आलो तो तिला सांगून, की खोली मिळाली की तुला नेतो. त्या वेळी मला वाटत होतं, खोली ही गोष्ट स्टेशनावर उतरलं की मिळते.

नामपल्लीला उतरलो आणि चार महिने जे मिळेल ते केलं. मग जामबागेतल्या एका मराठी शाळेत शिपायाची जागा आहे असं कळलं. शाळेला मी सोडलं तरी शाळा मला सोडायला तयार नव्हती. हेडमास्तर शहरातल्या जुन्या घराण्यातले. आजोबा वकील, वडील मास्तर, घरात मराठी बोलायचं तर जपून, देवघरातलं भांडं काढावं तसं. त्यांनी मला विचारलं, "शिक्षण?"

"पाचवी नापास, साहेब."

"घंटा वाजवता येईल?"

"येईल, साहेब."

एवढ्यावर भागलं असतं. पण माझ्या गावाचं नाव ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "अरे, तुमच्या बाजूला शिमग्यात गोफ विणतात ना? वरून दोऱ्या सोडायच्या आणि नाचत नाचत वेणी घालायची? लहानपणी एकदा पाहिला होता मी. तुला येतो?"

मला 'नाही' म्हणता येत नाही. हा माझा जन्मजात आजार आहे. समोरच्याच्या चेहऱ्यावर 'हो' दिसलं की माझ्या तोंडून ते आपोआप बाहेर पडतं. "येतो, साहेब," मी म्हणालो, आणि वर कुणी विचारलं नसताना, "लहानपणापासून."

खरं काय ते आता सांगायला हरकत नाही. गोफाशी माझा संबंध होता, पण तो वरून. अंगानं हलका म्हणून दर शिमग्याला मला झाडावर चढवत. वरच्या गाठीवर लक्ष ठेवायचं, ती सुटू द्यायची नाही, एवढंच काम. गोफ मी फक्त फांदीवर बसून पाहिला आहे. वरून काय दिसतं? पागोटी, टकलं, आणि आपल्या दिशेनं वाढत जाणारी वेणी. खाली पाय काय करतात ते पागोट्यांच्या आड.

नोकरी मिळाली, पण हंगामी. कायम झालो तर शाळेच्या मागची खोली मिळणार होती. एक दार, एक खिडकी, शेजारी नळ. मी रोज घंटा वाजवून झाली की त्या खोलीला एक चक्कर मारून येई. आईची चूल कुठं, पाट कुठं, सगळं ठरवलेलं होतं. आईला पत्रातून कळवलंही होतं. पत्र मीच लिहिलं, त्यामुळं तिकडं वाचणाऱ्याला अक्षर किती लागलं कोण जाणे.

मग पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य संपलं. गडबडीचे दिवस गेले आणि पुढचा पंधरा ऑगस्ट जवळ आला. हैदराबादेतला हा पहिलाच, उघड्यावर, रस्त्यावर साजरा करायचा. त्याआधी चार माणसं एकत्र यायची तर इजाजत लागे. आता इजाजत कुणाकडं मागायची हेच कुणाला ठाऊक नव्हतं. हेडमास्तरांनी मला बोलावलं.

"आपण गोफ करायचा. शाळेच्या अंगणात नाही, बाहेर, रस्त्यावर, लिंबाखाली. आणि नुसती मुलं नाहीत. आठ मुलं आणि आठ वडीलधारे. ज्यांना जन्मभर रस्त्यावर मोठ्यानं शिंकता आलं नाही, ते नाचतील. शिकवणार तू."

मी म्हणालो, "हो, साहेब."

"तुझा कायम करण्याचा अर्ज कमिटीपुढं आहे. ऑगस्टनंतर बैठक. सगळे सभासद गोफ बघायला येणारच आहेत, तुझी ओळख आपोआप होईल."

त्या दिवशी मी शाळा सुटल्याची घंटा वीस मिनिटं आधी वाजवली.

चादरघाटाचा पूल ओलांडून घरी येताना मी नदीकडं बराच वेळ बघत उभा होतो. जीव द्यायचा विचार नव्हता, तेवढी हिंमत असती तर 'नाही, साहेब' म्हणालो असतो. तबेल्यापाशी आलो तर ताता एका पांढऱ्या घोडीची आयाळ विणत बसलेला. सणासुदीला टांग्याची घोडी नटवायची त्याची पद्धत होती. चार बटा घेऊन त्याची बोटं अशी चालत होती की बघता बघता वेणी खाली उतरत होती. वरून नाही, समोरून. मी पहिल्यांदाच वेणी समोरून बघत होतो.

"क्या रे पोट्टे, मुँह कैकू लटकाया?" तो म्हणाला. पोट्टा म्हणजे पोरगा.

मी सगळं सांगून टाकलं. हेडमास्तर, खोली, आई, गोफ. माझं मराठी-उर्दू त्याला कितपत कळलं कोण जाणे, पण 'गोफ' कळेना. मी हातानं वरून दोऱ्या सोडल्या, फिरून दाखवलं, एकदा घोडीला आपटलो. तेव्हा तो उठून उभा राहिला.

"जड!" तो म्हणाला. "हमारे गाँव में जड बोलते. जड बोले तो चोटी. मैं नाचता था. बीस बरस नाचा." आणि मग त्याचा चेहरा जरा हेडमास्तरांसारखा झाला. मला वाटलं, आता हाही काहीतरी विचारणार आणि मी हो म्हणणार.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू. घोडीच्या शेपटीच्या चार बटा केल्या. "ये दो इधर से जाते, ये दो उधर से आते. पैले आदमी कू बाहर से छोड, दूसरे कू अंदर से. बाहर, अंदर, बाहर, अंदर." मी बटा हातात धरून विणायचो, तो बघायचा. चुकलो की तो जीभ टाळ्याला लावून घोड्याला चुचकारतात तसा आवाज करी. घोडी कान टवकारी, मी थांबे. तिसऱ्या दिवशी मला विणणं जमलं. मी खूश.

"अब छोड," तो म्हणाला.

मी शेपूट सोडली.

"दुम नक्को छोड रे! चोटी छोड. उलटा नाच."

गोफाची खरी परीक्षा तिथं असते, हे झाडावर बसून मला कधी कळलं नव्हतं. वेणी घालणं कुणालाही जमेल. मग सगळ्यांनी पाठ फिरवून, आलो तसंच उलटं जायचं, आणि ती वेणी एकही गाठ न राहता सुटली पाहिजे. मी उलटं सोडवायला गेलो आणि अशी गाठ पडली की घोडीनं मागचा पाय उचलून आपलं मत दिलं. अजून गुडघ्याला थंडीत कळतं.

तातानं गाठ सोडवली, मला सोडवलं, आणि एकच गोष्ट सांगितली: "जिसकू आखिर में मिला, उसकू पैले मिल. बस. इत्ताच है." ज्याला शेवटी भेटलास त्यालाच आधी भेट. ज्या बाजूनं भेटलास त्याच बाजूनं.

असा माझा अभ्यासक्रम चालला. संध्याकाळी मलकपेठेत घोडीच्या शेपटीत जे कळे ते दुसऱ्या दिवशी सकाळी जामबागेत सोळा माणसांना शिकवायचं. मी त्यांच्यापेक्षा बरोबर एका रात्रीनं पुढं होतो. एखाद्या दिवशी टांगा भाड्यावर गेला की घोडी नसे, मग दुसऱ्या सकाळी मी 'कालचंच पक्कं करू या' असं गंभीरपणे सांगे. हेडमास्तर मान डोलावत. "पाया पक्का हवा," म्हणत. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तू मधेच तोंडानं चुचकारतोस ते काय?"

"ताल आहे, साहेब. आमच्याकडचा."

मुलं ठीक होती. त्यांना चुकायची लाज नसे. अवघड होते ते वडीलधारे. त्यातल्या सगळ्यांत मोठ्या एका पेशकारांची गोष्ट सांगितली म्हणजे पुरे. पेशकार म्हणजे कचेरीत साहेबापुढं कागद ठेवणारा. चाळीस वर्षं त्यांनी कागद ठेवले आणि चाळीस वर्षं साहेबाला पाठ न दाखवता, वाकून सलाम करत, मागं मागं पावलं टाकत दाराबाहेर गेले. तालमीला ते शेरवानी घालून येत, वरपर्यंत सगळ्या गुंड्या लावून. त्यांचा नातू आमच्या आठ मुलांत होता. गडबडीच्या वर्षी त्यानं घोषणा दिल्या, शाळा बुडवली, आणि 'तुम्ही सरकारचे हुजरे' असं आजोबांना तोंडावर म्हणाला. तेव्हापासून घरात दोघांची पानं वेगवेगळ्या वेळी मांडली जात, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. हेडमास्तरांनी मुद्दाम दोघांना उलट्या दिशांना ठेवलं, म्हणजे दर फेरीला समोरासमोर येणारच.

"आजोबा, बाहेरून!"

"मला बाहेर-आत शिकवतोस? तुझ्या बापाला मी चालायला शिकवलं."

"मग तो पण आतूनच जातो वाटतं."

"बदतमीज! मास्तर, याला सांगा काहीतरी."

मास्तर म्हणजे मी. मला कुणी आयुष्यात पहिल्यांदा मास्तर म्हणत होतं. मी चुचकारलं. दोघंही थांबले.

लिंबाच्या आडव्या फांदीला बांधायला लोखंडी कडी लागत होती, ती तातानं दिली. रेसच्या घोड्यांना बांधायची जुनी कडी, कधीची जपून ठेवलेली. देताना त्यानं विचारलं, "एक रस्सी मेरेकू?"

मी म्हणालो, "सोळा पुऱ्या झाल्यात, ताता."

झाल्या नव्हत्या. आदल्याच दिवशी एका वडीलधाऱ्यानं कंबर धरली म्हणून माघार घेतली होती. पंधराच होते. पण ताता आला, नाचला, कुणी विचारलं की 'तुम्हाला कसं येतं?' की झालं. माझं खोटं, माझा अर्ज, आईची चूल, सगळं एका वाक्यात जाणार. म्हणून सोळावी दोरी, म्हणजे कापडाची पट्टी, मी स्वतःच घेतली. तातानं मान हलवली, "हौ, हौ," म्हणाला आणि घोडीपुढं गवत टाकायला गेला. हे मी लिहितोय तेव्हा कुणी समोर नाही म्हणून लिहू शकतो.

पंधरा ऑगस्टला सकाळी झेंडावंदन झालं आणि सगळे रस्त्यावर आले. केशरी, पांढऱ्या, हिरव्या मांजरपाटाच्या सोळा पट्ट्या कडीतून खाली सोडलेल्या. हिरवा रंग घरीच दिलेला, हाताला लागत होता. कमिटीचे सभासद खुर्च्यांवर. गॅलरीतून बायका. कोठी बाजाराच्या बाजूनं टांगे येऊन थांबलेले. त्यातल्या एका टांग्याच्या पायरीवर ताता उभा होता. त्याला मी बोलावलं नव्हतं, घोडीच त्याला घेऊन आली असणार.

झांज वाजली. बाहेर, आत, बाहेर, आत. आणि खरंच वेणी होऊ लागली. वर बघायचं नाही असं ठरवलं होतं तरी मी बघितलं. पहिल्यांदा खालून. पट्ट्यांची तिरंगी वेणी कडीपासून खाली उतरत होती आणि तिच्यातली एक पट्टी माझी होती. पेशकारांची टोपी तिरकी झाली होती, वरची गुंडी सुटली होती, आणि नातू प्रत्येक भेटीला हळूच म्हणत होता, "बाहेरून हां, आजोबा," आणि ते म्हणत होते, "दिसतंय, दिसतंय."

तेवढ्यात मोटार आली. पुढं छोटा झेंडा लावलेली. बाहेरून नव्यानं आलेला कुणी अधिकारी असणार. त्याला आमच्याशी काही घेणंदेणं नव्हतं, फक्त रस्ता हवा होता. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

पेशकारांच्या अंगातली चाळीस वर्षं जागी झाली. हातात पट्टी तशीच, ते कमरेत वाकले, उजवा हात कपाळाला, आणि सलाम करत करत तीन पावलं मागं गेले. नुकतेच नातवाच्या बाहेरून पुढं आले होते, ते आता त्याच्या आतून मागं गेले. मग मोटार थांबली, ते सरळ झाले आणि काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा पुढं नाचू लागले. त्यांची पट्टी नातवाच्या पट्टीभोवती पूर्ण वेढा घालून बसली.

मी त्यांच्या मागंच होतो. सगळं मला दिसलं. मी शिकवणारा. 'थांबा' म्हणायचं काम माझं होतं. पण ते वाकले तसा मीही वाकलो. मला मोटार कुणाची ते माहीत नव्हतं, सलाम कसा करतात तेही धड येत नव्हतं; समोरचा मोठा माणूस वाकला म्हणजे वाकायचं असतं एवढंच मला कळत होतं. मीही तीन पावलं मागं गेलो, एका पोराच्या पट्टीला वेढा घातला, आणि तसाच नाचत राहिलो.

वेणी पुरी झाली. टाळ्या पडल्या. मोटार कडेनं निघून गेली. मग उलटं फिरायचं. झांज वाजली, सगळे वळले. वरची निम्मी वेणी तशीच राहील हे मला माहीत होतं. वाट बघत नाचणं फार वाईट. पाच फेऱ्या सुटल्या, सहावीला सगळं थांबलं. सोळा माणसं सोळा पट्ट्या धरून लिंबाखाली उभी. जोर लावला तसा कुणाचा हात वर, कुणाचा खाली. कुणीतरी म्हणालं, "सुरी आणा." हेडमास्तर पुढं आले आणि शांतपणे माझ्याकडं बघू लागले. लहानपणापासून गोफ विणणाऱ्याकडं.

मी वर बघितलं. वरून असतो तर कदाचित दिसलं असतं. खालून मला फक्त आईची चूल दिसत होती, न पेटलेली.

"सुरी नक्को!" ताता टांग्यावरून उतरून गर्दीतून येत होता. जवळ येऊन त्यानं वेणीकडं नाही, आमच्या पायांकडं बघितलं. मग पेशकारांपुढं उभा राहिला. "साब, सलाम वापस लेओ."

"काय?" पेशकार म्हणाले.

"मोटर कू सलाम करे ना? अंदर से पीछे गये. वो वापस लेओ. तीन कदम. हल्लू."

गर्दीत हशा पिकला. पेशकार लालबुंद झाले. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "वाकून?"

"झुकके पीछे गये थे," ताता म्हणाला, "अब सीधे होके आगे आओ."

पेशकारांनी टोपी नीट केली. नातू हसत नव्हता, हे मी पाहिलं. त्यानं आजोबांचं कोपर धरलं आणि म्हणाला, "आतून, आजोबा." ते सरळ उभ्यानं, मान ताठ ठेवून, तीन पावलं पुढं आले. वर एक वेढा सुटला आणि पट्ट्या हलल्या.

"आणखी एक आहे," हेडमास्तर म्हणाले. गाठ अजून होती.

ताता माझ्याकडं वळला. "तू बी," तो म्हणाला. त्याला तेही दिसलं होतं. मंद नजरेच्या माणसाला. "अरे, दुम में सिकाया वैसाच. घोड़ी लात नहीं मारती इधर, डर नक्को."

हे सगळ्यांनी ऐकलं. हेडमास्तरांनी, कमिटीनं, पोरांनी. मी माझा सलाम परत घेतला. तातानं जीभ टाळ्याला लावून आवाज केला, सोळा जणांनी पावलं उचलली, आणि सगळी वेणी कडीपर्यंत एकही गाठ न राहता सुटली. टाळ्या किती वेळ वाजल्या ते मी ऐकलं नाही. खोली गेल्यावर बाकी काय उरतं, त्याचं मी गणित करत होतो.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी खोलीत बोलावलं.

"घोडीच्या शेपटीत?"

"हो, साहेब."

"कधी?"

"आषाढात."

"लहानपणापासून म्हणाला होतास."

"लहानपणी झाडावर बसत होतो, साहेब. तुम्ही विचारलंत तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर 'हो' दिसलं."

ते बराच वेळ टेबलावरचा शाईचा डाग पुसत राहिले. तो डाग जुना होता, पुसला जात नव्हता. "आणि पाचवी नापास? तेही खोटंच का?"

"ते खरं आहे, साहेब."

"मग तिथून सुरू करू. खोटं बोललास ते बोललास, कमिटीला मी तसंच सांगणार आहे. कायम करा असं आत्ता म्हणणार नाही. पाचवी पास हो, मग म्हणेन."

म्हणून विशीत मी पाचवीच्या वर्गात बसलो. घंटा वाजवायची आणि पळत जाऊन शेवटच्या बाकावर बसायचं. गुडघे बाकाखाली मावत नसत. पेशकारांचा नातू मला गणित समजावी आणि उत्तर चुकलं की चुचकारी. सगळी शाळा ते शिकली होती. नातू म्हणाला, आजोबा हल्ली त्याच्याबरोबर जेवतात, पण त्याचं मीठ वाढण्याचं प्रमाण त्यांना अजून पसंत नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी पास झालो, चार गुणांनी. कायम झालो. खोली मिळाली. आई आली, तिनं चूल मी ठरवलेल्या जागी न मांडता बरोबर समोरच्या कोपऱ्यात मांडली, आणि पहिल्या दिवशी भाकरी खाताना म्हणाली, "नळ चांगला आहे." तिनं जेवून हात धुतले तेव्हा कुणाकडं बघितलं नाही. मला तेवढं पुरलं.

त्या पंधरा ऑगस्टला गोफ सुटल्यावर मी तातापाशी गेलो होतो. हाताला लागलेला हिरवा रंग पुसत उभा राहिलो. तोच म्हणाला, "अगले साल मेरेकू एक रस्सी दे. बस."

पुढच्या साली मी अठरा पट्ट्या शिवून घेतल्या. गोफाला जोडीनंच वाढवावं लागतं. एक त्याची, एक त्याच्यासमोर येणाऱ्याची, म्हणजे माझी. जामबागेत खोली मिळाल्यापासून मलकपेठेला माझं जाणं तुटलं होतं. पट्टी घेऊन गेलो तर तबेल्यात दुसराच माणूस घोडीला पाणी दाखवत होता. ताताची नजर पार गेली, तो माणूस म्हणाला, मुलगी येऊन त्याला गावी घेऊन गेली. गाव नलगोंड्याच्या पलीकडं, नाव त्यानं दोनदा सांगितलं आणि मी हिरव्या पट्टीच्या टोकावर पेन्सिलीनं लिहून घेतलं. आई एकदा त्या पट्टीनं पापडाचा डबा बांधायला निघाली होती, मी ओरडलो. आयुष्यात तिला पहिल्यांदाच 'नाही' म्हणालो.

चार वर्षं झाली, अजून गेलो नाही. दर सुट्टीत काहीतरी निघतं, आणि खरं कारण मला माहीत आहे: पंधराच होते हे त्याला सांगावं लागेल, आणि मला पट्टी धरून नाचताना बघून ते त्याला त्या दिवशीच कळलं होतं. पण मी जाणार. ती कडी अजून लिंबाला आहे, ती उतरवून बरोबर नेणार. त्याच्या गावच्या कुठल्याही झाडाला ती बांधीन, पट्टीचं टोक त्याच्या हातात देईन, दुसरी पट्टी धरून त्याच्यासमोर उभा राहीन. त्याला दिसत नसलं तरी पाय विसरले नसतील. आणि या वेळी बाहेरून जायचं की आतून, ते मी त्यालाच विचारीन.